गेटवर ठेवलेलं पार्सल

मामाजी,

मी धंतोलीले जाऊन येते. वरण-भात झाकून ठेवला आहे, जेवून घ्या.

माझ्या नावचं पार्सल हरवलं, तर कंपनी म्हणते कुरिअरले विचारा, कुरिअरवाला म्हणते आम्ही पोचवलं. तुम्ही एकटेच म्हणाले, "मले बसल्यावर लवकर उठवत नाही, म्हणून मीच त्याले गेटवर ठेवून दे म्हटलं. जबाबदारी माझी." तेव्हापासून रोज गेटपाशी खुर्ची टाकून बसून राहिले. माझं सामान समजून तुम्ही केलं, तितकं माहेरीही कोणी केलं नाही. अभिजीत तुम्हाले रागात बोलले, ते मुलाचं बोलणं मनावर घेऊ नका.

आता उन्हात बसू नका. त्या पार्सलात तुमच्याच गुडघ्याचा पट्टा होता. दुसरा आणाले चालली आहे. हा गेटवर नाही, तुमच्या हातात देईन.

रुचिका