लाइन चार्ज करण्याआधी

आबा, कालपासून एक कागद समोर घेऊन बसले होते आणि पहिल्याच ओळीत अडले होते. वादळानंतर लाइन बंद होती त्या दिवशी मी काय केलं ते साहेबांना लिहून हवं आहे, आणि ऑफिसचा आता आग्रह असतो की सगळं मराठीत लिहा. लाइन चार्ज करणं, तारांत वीज सोडणं, म्हणजे वाहिनी भारित करणं. ड्यूटीचा चार्ज म्हणजे कार्यभार. मीटर बदलायचा चार्ज लागतो, तो शुल्क. चार्जशीट म्हणजे आरोपपत्र. सबस्टेशनच्या पॅनलसमोर उभं राहून असं बोलणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तुम्ही तर त्या एका शब्दावर अख्खी पाळी काढायचात. "चार्ज कोणाकडं हाय?" "बॅटरी चार्ज झाली काय?" "लाइन करू काय चार्ज?" आई चिडवायची, "यांना भूक लागली तरी म्हणतील, पोट चार्ज करायचं हाय." मोबाइल घरोघर येण्याआधीच तुम्ही गेलात. आता जेट्टीवर बोटीची वाट बघणारे लोकही आधी चार्जिंगची जागा शोधतात.

तुम्हाला जाऊन चोवीस वर्षं झाली. तुमच्या जागेवर मी लागले, हे तुम्हाला कुणी सांगितलं असण्याची शक्यता नाही, म्हणून सांगते. मुरुडच्या रस्त्यावरचं तेच सबस्टेशन, तेच क्वार्टर. तुमचं जुनं पॅनल काढलं, नवं आलं. टेबल मात्र तेच आहे.

मी दहावीत होते तेव्हाचा तो दुपारचा डबा मला आठवतो. घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ होती. मी तो घेऊन आत आले तेव्हा तुम्ही फोनवर होतात. आगरदांड्याच्या लाइनवर काम निघालं होतं आणि आपला लाइनमन पोलवर चढलेला होता. तोच, जो मला बोरं आणून द्यायचा आणि "बाय, अभ्यास कर, न्हायतर माझ्यासारखी वर चढशील," म्हणायचा. लाइन बंद ठेवल्याचं परमिट त्याच्या नावावर होतं. तो स्वतः येऊन परमिट परत करीपर्यंत लाइन चार्ज करायची नाही, हा नियम मला शाळकरी पोरीलाही पाठ होता. पण बंदरात होड्या लागल्या होत्या, बर्फाचा कारखाना बंद, मासळी उन्हात. सकाळपासून माणसं गेटवर येऊन शिव्या देऊन जात होती. फोनवर तुमचे तेव्हाचे साहेब होते. त्यांचा आवाज मला डब्याजवळ ऐकू येत होता. सगळी माणसं खाली आलीत, करा चार्ज. तुम्ही विचारलंत, "नक्की ना साहेब?" मग पुन्हा एकदा विचारलंत. मग फोन ठेवलात, पॅनलशी गेलात आणि दांडा फिरवलात. फिरवून परत आलात नि डबा उघडलात. पहिला घास घेतलात तेव्हा लाइन ट्रिप होऊन पुन्हा बंद पडली.

त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. जीव वाचला.

चार्जशीट आली ती इंग्रजीत. मी शाळेची डिक्शनरी आणून तो शब्द काढला, तर अर्धा रकाना भरलेला. भार, जबाबदारी, आरोप, हल्ला, किंमत, बंदुकीत भरायची दारू. मी एकेक अर्थ मोठ्याने वाचत गेले आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून ऐकत होतात. म्हणालात, "इंग्रजांकडं शब्द कमी पडले व्हते काय?" आई हसली. त्या महिन्यात ती तेवढीच हसली. मग उत्तर लिहायला बसलो, कारण माझं अक्षर बरं होतं. मी आपणहून लिहायला घेतलं की अमुक वाजता साहेबांचा फोन आला. तुम्ही माझ्या हाताखालून कागद ओढून घेतलात.

"फोनाचं लिहू नको."

"का नको? मी ऐकलाय. मी येऊन सांगेन."

"दांडा मी फिरवला. तेवढंच लिही."

आई चुलीपुढून म्हणाली, "अवो, पोरगी खरं बोलतेय." तुम्ही तिच्याकडे पाहिलंही नाहीत. मी तेवढंच लिहिलं. सही करून तुम्ही जेवायला बसलात, आणि तुम्ही जेवू शकता याचाच मला राग आला. मी म्हणाले, "दहा मिनिटं थांबता नाही आलं तुम्हाला? एक माणूस पाठवून बघता नाही आलं?" तुम्ही भाकरी मोडत होतात. मोडतच राहिलात. तुकड्याचे तुकडे झाले, तोंडात एकही गेला नाही. मी उत्तराची वाट पाहत उभी राहिले आणि मग तशीच आत गेले. त्यानंतर तुम्ही चार वर्षं होतात. त्या चार वर्षांत आपण बाजाराचं बोललो, एस्टीच्या वेळांचं बोललो, माझ्या कॉलेजचं बोललो. हे परत काढलं नाही. तुम्ही मला एकदा रागावलाही नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं.

शिक्षा भोगून कामावर परत आल्यावर तुम्ही पॅनलवर खिळा ठोकून घेतलात. परमिट घेणाऱ्याने आपली स्वतःची एक वस्तू त्याला टांगून जायचं, परत येऊन स्वतःच्या हाताने काढायची. ती वस्तू तिथे असेपर्यंत देव आला तरी लाइन चार्ज होणार नाही. लोक तंबाखूची पिशवी टांगायचे. "आबा, पिशवी हितं ठेवली तर वर काय चघळू?" असं कुणी म्हणालं की तुम्ही म्हणायचात, "लवकर खाली ये, मग चघळ." मी कामाला लागले तेव्हा जुन्या लोकांनी मला न विचारता पिशव्या टांगल्या. पाच-सहा वर्षं ते चाललं. पुढे परमिट मोबाइलवर येऊ लागलं, नवी मुलं हसायला लागली, आणि मी काही म्हटलं नाही. नवं पॅनल आलं तेव्हा खिळा जुन्याबरोबर गेला. मला वाटायचं, मला त्याची गरजच नाही. मी तुमच्यासारखी नाही. एवढी वर्षं रोज चार्ज घेताना मी मनात हेच म्हणत आले आहे.

आता त्या दिवसाचं. वादळ होऊन तीन दिवस झाले होते. माडाची झाडं तारांवर, पोल वाकलेले, मोबाइलचे टॉवर बंद. ऑफिसची एक जुनी तारेची फोनलाइन तेवढी चालू होती. आगरदांड्याच्याच बाजूला आमचा एक लाइनमन परमिट घेऊन गेला होता. कोळीवाड्यातला मुलगा, दोन वर्षांपूर्वी लग्न झालेला. सकाळी जाताना म्हणाला होता, "ताई, मी येईपर्यंत झोपा काढा." अकराच्या सुमारास साहेबांचा फोन.

"मॅडम, हॉस्पिटलच्या जनरेटरचं डिझेल अर्ध्या तासाचं राहिलंय. ऑक्सिजनवर पेशंट आहेत. करा चार्ज."

"सर, परमिट परत आलं नाही."

"नेटवर्क कुठे आहे, कसं येणार? माणसं सगळी खाली आलीत. मी कन्फर्म केलंय."

"नक्की ना सर?"

हे मी विचारलं, आबा. विचारल्यावर माझ्याच कानांना ते ओळखीचं वाटलं आणि तरी मी पुन्हा विचारलं. साहेब ओरडले नाहीत. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "मॅडम, प्लीज. माणसं मरतील." त्यांना दोष मी देत नाही. त्यांनाही कुणीतरी सांगितलं होतं.

मी फोन ठेवला आणि पॅनलशी गेले. मी स्विच फिरवला.

काही झालं नाही. लाइन जोडणाऱ्या नव्या ब्रेकरच्या पोटात एक जाड स्प्रिंग असते, ती ताणलेली असेल तरच ब्रेकर लागतो. ती ताणण्यालाही आम्ही स्प्रिंग चार्ज करणं म्हणतो. एरवी मोटर ती ताणते, पण मोटरीत पाणी गेलं होतं. मग ती हाताने ताणावी लागते, बाहेर यार्डात जाऊन. मला तेव्हा थांबायला जागा होती. मी थांबले नाही. मला स्वतःचाच राग आला, की वेळ चाललाय आणि हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही. मी दांडा शोधला, रेनकोट न घालता बाहेर पळत गेले, ब्रेकरची पेटी उघडली, दांडा बसवला आणि फिरवायला लागले. पावसाने हात निसटत होता. स्प्रिंग अर्धी ताणली गेली असेल, तेवढ्यात गेटवर हॉर्न वाजायला लागला. थांबेचना. एक म्हातारा स्कूटरवर, लुंगी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"ओ बाई! तुमचा मानूस अजून वर हाय. त्यानं धाडलंय मला. म्हनाला, लाइन चार्ज करू नका, अजून अर्धा घंटा लागल."

मी म्हणाले, "नाही करत."

"कवाचा हॉर्न मारतोय. तुम्ही आपल्या फिरवताय, फिरवताय. काय बिघडलंय काय?"

"हो," मी म्हणाले. "बिघडलंय."

मी त्याच्याच स्कूटरवरून एका मदतनिसाला पोलपाशी पाठवलं, आणि साहेबांना सांगितलं की माणूस वर आहे. डिझेल एका ट्रकवाल्याने आणून दिलं. लाइनमन पाऊण तासाने स्वतः आला, चिखलाने माखलेला, आणि रजिस्टरवर सही केली. मग मी लाइन चार्ज केली. हॉस्पिटलात कुणाला काही झालं नाही.

आता सगळे म्हणतात, साहेबांचा फोन असूनही ताईंनी लाइन चार्ज केली नाही. साहेबांनी स्वतः मीटिंगमध्ये सांगितलं, "माझं चुकत होतं, मॅडम ठाम राहिल्या." टाळ्या झाल्या. त्यासाठीच हा कागद. मी आज दुपारी लिहिला तो असा: परमिट परत न आल्याने वाहिनी भारित करण्यात आली नाही. यातलं एकही अक्षर खोटं नाही. स्विचचं आणि स्प्रिंगचं मी लिहिलं नाही. तुम्ही एका ओळीत स्वतःला अडकवून घेतलंत आणि मी एका ओळीत सुटले.

थांबता नाही आलं का, असं मी तुम्हाला विचारलं होतं. नाही येत, आबा. मला माहीत नव्हतं. माझ्याकडे तर तुमचं उदाहरण होतं, आणि तरी नाही आलं. तुम्हाला तेव्हा एवढंच ऐकायचं असेल कदाचित, आणि ते सांगणारं घरात कुणी नव्हतं.

हे पत्र द्यायचं कुणाला, म्हणून ते या वहीतच राहील. परवा त्या कोळीवाड्यातल्या लाइनमनची आई आली होती, पाच महिन्यांच्या नातवाला कडेवर घेऊन. तिने घरी कोळंबी सोलून सुकवलेले सोडे आणले होते, चांगले मोठे, विकायला काढतात त्यातले नव्हेत, घरात ठेवतात ते. माझ्या पाया पडायला लागली. मी तिला धरलं, पण सांगितलं काही नाही. संध्याकाळी वांगं घालून सोड्यांचं कालवण केलं. माझ्या घशाखाली उतरणार नाही असं वाटलं होतं. मी दोनदा वाढून घेतलं.