वरच्या घरातला पाहुणा गेला

दादा,

कुलूपवाल्याला आणू नकोस. वरच्या घरातला पाहुणा आज गेला.

चार दिवसांसाठी आलेला माणूस महिनाभर हलेना, आणि काल त्याने टपालपेटीवर स्वतःचं नाव चिकटवलं. वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "सामान बाहेर फेकलंत तर तुम्हीच अडकाल. पण मागची खोली त्याला दिलीच नव्हती ना?"

म्हणून सकाळी गादी आणि शिलाई मशीन घेऊन मीच वर गेले.

"हे काय?" तो दारातच म्हणाला.

"राहायला आले. तुम्हाला पुढची खोली दिली होती, अख्खं घर नाही."

मागे मशीन मांडून पडद्यांना टिपा मारत बसले. दुपारी त्याने बॅग भरली आणि किल्ली माझ्यापुढे ठेवली. "बाई, तुमच्यापुढे हात टेकले," म्हणाला.

घर रिकामं राहिलं की कुणीतरी बस्तान मांडणारच. तेव्हा आता मी वरच राहते. पाहुण्यांना पुढची खोली देत जाऊ.

वहिनीला सांग, खालची माझी खोली झाडून ठेवली आहे. तिला ती केव्हाची हवी होती, पण बिचारी कधी बोलली नाही.

तुझी धाकटी