नाकाखालचा मास्क

प्रिय बडबडे,

परवाचा प्रयोग संपला तशी तू तोंडावरचा रंगही न पुसता निघून गेलीस, आणि काल दिग्दर्शकांचा मला फोन. म्हणाले, तुमची बहीण म्हणतेय रविवारपासून दुसरी कोणीतरी बघा. आता फोन केला तर तू मला एक वाक्य धड पुरं करू देणार नाहीस, म्हणून लिहितोय. आधी नीट वाच, मग हवी तेवढी भांड.

सभागृह मेलेलं होतं म्हणे. बाईसाहेब, तुम्हाला स्टेजवरून दिसतं काय? डोळ्यांत लाइट आणि खाली नुसती अर्धी तोंडं. हसू एकाला फुटलं की शेजारच्याला लागतं, पण शेजारी तर रिकामी खुर्ची. वर दारावर पाटी, ओरडू नये, शिट्ट्या मारू नयेत. लोक बिचारे अंग चोरून बसलेले. मी मात्र मागच्या दारापाशी उभा असतो. मला पाठी दिसतात. तुझ्या भांडणाच्या प्रसंगात खांदे गदागदा हलत होते, आणि एक गृहस्थ तर वाफ धरलेला चष्मा पुसून पुसून हैराण झाले होते.

माझंही काम बदललंय गं. पूर्वी मोबाइल बंद करा म्हणायचो, आता नाक झाका म्हणतो. कुणी मास्क दाढीसारखा हनुवटीला लावतं. एक बाई एकच बिस्किट अख्खा अंक पुरवून खातात, कारण खाताना मास्क काढलेला चालतो. अशा एकेक वल्ली. पण मला मजा येते. इतके महिने बंद दाराला कुलूप घालून बसण्यापेक्षा लोकांची नाकं राखलेली बरी.

परवा अंधार झाल्यावर एक म्हातारे आले. टोपी कानापर्यंत ओढलेली. मागच्या रांगेत कोपऱ्यात जाऊन बसले, मास्क नाकाखाली. मी टॉर्च दाखवून खुणावलं. ढिम्म. दुसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. वाकून म्हटलं, अहो काका, नाक घरी ठेवून आलात का? त्यांनी मान खाली घालून मास्क वर ओढला.

मग तुझा तो लेकीची ट्रंक भरायचा प्रसंग झाला, आणि मध्यंतरात माझ्या टेबलाशी ही गर्दी. ओला झालेला मास्क टाकून आमच्याकडून कोरडा घ्यायचा, असा नियम आहे. एरवी खोकं आठवडाभर पुरतं. परवा तळ दिसला. सगळ्यांचे डोळे लाल, आणि जो तो आपला उकाड्याला दोष देतोय. सभागृह मेलेलं होतं म्हणतेस?

सगळ्यांच्या शेवटी ते टोपीवाले आले. ओला मास्क काढला आणि माझा हात खोक्यातच राहिला. बाबा! तू नाटकात गेलीस तेव्हापासून तुझं पोस्टर दिसलं तरी रस्ता बदलणारे आपले बाबा. टोपी शेजाऱ्यांची मागून आणलेली. मास्कमध्ये कोण ओळखणार असं त्यांना वाटलं, आणि पोटच्या पोरानंसुद्धा खरंच ओळखलं नाही. जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं, तेही न ओळखता सुनावलं म्हणून. मला हसू आवरेना.

तुला काही सांगायचं नाही, असं त्यांनी बजावलंय. नवा मास्क लावला, दोन पावलं गेले आणि परत वळून हळूच विचारलं, "रविवारी पुढच्या रांगेतलं मिळेल का रे एखादं?" मी हो म्हणून बसलोय. म्हणून हे पत्र. आता त्यांना दुसरीच कुणी ट्रंक भरताना दाखवू का? ये गं. पहिल्या रांगेत ज्याचा मास्क नाकाखाली असेल, तो आपला बाप. तू बघितल्यासारखं करू नकोस. मी मात्र येऊन सुनावणारच, नियम म्हणजे नियम.

तुझाच,
दारावरचा दादा