पाहण्याचे पैसे

माय, परवा हिंगोलीत आम्हा इंजिनियर मंडळींची बैठक झाली. सल्ल्याचे पैसे किती घ्यावेत, कामाच्या खर्चावर शेकडा किती लावावेत, यावर दोन तास नुसता काथ्याकूट. सगळ्यांत म्हातारा म्हणून मला विचारलं, तुम्ही कसं ठरवायचात? मी म्हणालो, माझ्या आईनं शिकवलं तसं. त्यांना वाटलं, तूही कुणी मोठी शिकलेली बाई असशील. मी खुलासा केला नाही. मला मजा वाटत होती.

सुईण म्हणून तुझी रीत वसमतच्या आसपास सगळ्यांना ठाऊक होती. तेव्हा मुलगा झाला की सुईणीला लुगडं आणि वर रुपये. मुलगी झाली की सुपभर ज्वारी आणि पडलेली तोंडं. तू मात्र सातव्या महिन्यात पोट पाहायला जायचीस तेव्हाच घरच्या कर्त्या माणसाला आकडा सांगून मोकळी व्हायचीस. पोरगं होवो की पोरगी, तीन रुपये. नसतील त्यानं वर्षभरात थोडे थोडे द्यावेत, पण आकडा हलायचा नाही. एक सासूबाई म्हणाल्या होत्या, मुलगा झाला तर पाच देऊ. तू फणकारलीस, "कळा काय पोरगं पाहून येत्यात व्हय?"

त्याच तीन-तीन रुपयांवर मी हैदराबादेत शिकलो, आणि सरकारी ओव्हरसियरकी सोडून लोकांना विहिरींच्या जागा दाखवू लागलो. पण पैशाचं बोलायची वेळ आली की माझी वाचाच बसायची. "द्या काय द्यायचं ते," म्हणायचो आणि भलतीकडे बघायचो. हट्टा गावचा एक शेतकरी म्हणाला, "पानी लागलं तर पन्नास, न्हाई लागलं तर रामराम." मला हायसं वाटलं, आकडा त्यानंच सांगितला म्हणून. पंचवीस हातांवर सलग काळा दगड लागला. मी खाली उतरलो, हात लावून बघितलं, आणि मला कळलं की इथं थांबायला हवं. थांबलो असतो तर पन्नास गेले असते. वर येऊन मी सांगितलं, अजून थोडं खाली जाऊ. तीन आठवडे त्यानं सुरुंग लावले, मजूर पोसले. विहीर कोरडी ती कोरडीच. वर त्यानंच माझी समजूत घातली आणि तांब्याभर ताक पाजलं.

घरी आलो तेव्हा तू चुलीपुढे भाकरी थापत होतीस. मलाही दमडी मिळाली नाही, हे मी जरा ऐटीतच सांगितलं. तुझा हात थांबला.

"पानी न्हाई हे तुला ठावं व्हतं का?"

"थोडंफार."

"मंग त्याला खाली काहून नेलास? पन्नास रुपयापायी?" तव्यावरची भाकरी करपत होती, तुझं लक्ष नव्हतं. "पानी तुझ्या हातात न्हाई. पाहणं हाय. पाहण्याचे पैसे सांग, आन् आधी सांग. आन् त्याला खरं काय ते सांगून ये." ती करपलेली भाकरी तू माझ्याच ताटात वाढलीस.

पुढच्या महिन्यात कुरुंद्याच्या हळदीच्या व्यापाऱ्यानं बोलावलं. त्याच्या दारातच मी म्हणालो, "पाहण्याचे पंधरा रुपये. पाणी असो, नसो." तो खानदानी मुसलमान गृहस्थ हसला. "बराबर. हकीम बी नाडी पाहायचेच घेतो की." दोन दिवस त्याचं रान पायाखाली घातलं आणि सांगितलं, इथं खणू नका. त्यानं कुरकुर न करता पंधरा मोजले. मिळालेल्या पैशाचा एवढा आनंद मला पुढं कधी झाला नाही. ते तुझ्या हातावर ठेवले तेव्हा तू खूश झालीस आणि विचारलंस, "हट्ट्याला जाऊन आलास का?" मी म्हणालो, "व्हय." ते खोटं होतं. तू म्हणालीस, "बरं."

निजामाचं राज्य गेलं त्या साली तूही गेलीस. तुझे दिवस झाले आणि मी सायकलवर हट्ट्याला गेलो. त्या माणसाला सगळं सांगितलं, दगडाचं, पन्नास रुपयांचं. तो शांतपणे सुपारी कातरत होता.

"मला कवाचंच ठावं हाय," तो म्हणाला. "थोरल्या सुनेच्या बाळंतपणाला तुमची माय आली व्हती, तवाच सांगून गेली. तीन रुपये द्याया गेलो, घेतले न्हाईत. पाया पडलो, तरी न्हाई. म्हणली, माझं लेकरू चुकलं हाय, हे त्याच्या चुकीपायी धरा. ते येईल सांगाया. आलं की त्याला काय बोलू नगा."

माय, जन्मभर तू कुणासाठी आकडा हलवला नाहीस, आणि माझ्यासाठी त्या दारात तो सोडलास. परत येताना मी रस्त्यात सायकल आडवी टाकून रडलो. मग हलकंही वाटलं, खोटं कशाला बोलू. तेव्हापासून सगळीकडे पाहण्याचेच पैसे सांगत आलो. पोट भरलं, झोप चांगली लागली, सुखात आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक लिहून ठेवतो. तू "बरं" म्हणालीस, तेव्हाच मला कळलं होतं की माझं खोटं तुला कळलंय. तरीही मी गेलो नाही.