साखऱ्याची सुशी

कळमनुरी,
रविवार, ५ जानेवारी २०२५

चि. पुजा हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आजच्या फोटोमुळे हे पत्र लिहावं लागत आहे. फोन करता आला असता. पण तुमच्या तांड्यावर फोन आला की तो स्पीकरवर लावून खाटेच्या मधोमध ठेवतात आणि घरासकट शेजार ऐकतो. मला विचारायचं आहे ते सात जणांनी ऐकण्यासारखं नाही. अफशीन सुटीला इकडे घरी आली आहे, उद्या सकाळी साखऱ्याला कामावर परतेल. नर्स असली तरी माझी जुनी विद्यार्थिनी आहे, पत्र फोडणार नाही. उत्तर तिच्याच हाती दे.

फोटोत स्टीलच्या ताटात भाताच्या सहा वळकट्या आहेत, भोवती काळा कागद, वर माशाचा तुकडा. खाली तू लिहिलंस की तांड्यावर सुशी मिळाली, आत्या, आता तू जळ. मी जळले नाही. मी फोटो मोठा करून पाहिला. तो तुकडा काचेसारखा अर्धवट आरपार दिसतो. शिजलेला मासा तसा दिसत नाही, हे सांगायला प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. पण माझ्याकडे ती आहे.

तुझं सुशीचं वेड मला नवं नाही. मी निवृत्त झाले तेव्हा पुण्यात तू मला त्या जपानी हॉटेलात नेलं होतंस. मी मोहरीसारख्या झोंबणाऱ्या हिरव्या गोळ्याला चटणी समजून तो अख्खा तोंडात टाकला आणि तू टेबलाखाली वाकून हसत राहिलीस. मी त्याला थंड भात म्हणाले, तू महिनाभर रुसलीस. ते सगळं ठीक होतं. तेव्हा तुझ्या पोटात कुणी नव्हतं.

आता नीट उत्तर दे. मासा कुठला? शिजवलेला की कच्चा? तू किती खाल्लास? आजच, की आधीही? वळणं घेऊ नकोस. मागच्या वेळी चौथ्या महिन्यात पुण्याहून तुझा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. ते उतू जाऊन पातेलं काळं होईपर्यंत मला वास आला नाही. ते पातेलं मी अजून टाकलेलं नाही. तुझी आई गेल्यापासून तुझ्याबाबत मी कधी घाबरले नव्हते, त्या दिवशी शिकले. या वेळी सहावा लागला आहे.

लोभ आहेच, पण आधी उत्तर.

तुझी आत्या,
शकुंतला


तांडा, साखरा,
शुक्रवार, १० जानेवारी

ती. आत्यास,
पुजाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. अफशीनताई समोर उभी होती, म्हणून वाचताना हसले नाही. तुझं पत्र म्हणजे प्रश्नपत्रिकाच की, फक्त गुण लिहायचे राहिले!

वळणं घेत नाही. मासा रोहू, येलदरी धरणाचा. कच्चा. तीन रविवार झाले. दर वेळी चार-सहा तुकडे.

आता रागावण्याआधी पुढचं वाच. तिसऱ्या महिन्यात मला दुसरं काही नको झालं होतं, फक्त सुशी. स्वप्नातसुद्धा त्या भाताचा आंबूस वास यायचा. एकदा याडीला, म्हणजे सासूबाईंना, बोलून गेले. भात, वर कच्चा मासा, असं सांगितल्यावर तिनं कपाळाला हात लावला. पण दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू. डोहाळे पुरवले नाहीत तर लेकराची लाळ गळते ना! मोहनसिंग मला भेटायला पुण्याहून चार दिवस आला होता, तिनं आल्या आल्या लेकाला कामाला लावलं. हिंगोलीत एका हॉटेलच्या पाटीवर सुशी लिहिलेली सापडली. त्यानं बांधून आणली. उघडली तर तळलेल्या पोळीत कोबी! याडी म्हणाली, एवढ्यासाठी जपानला कोण जाईल, हे तर आपल्या बाजारात मिळतं. नांदेडला एक चांगली जागा आहे असं फोनवर दिसलं, पण डॉक्टरांनी मला प्रवास बंद केलाय.

मग तिनंच मनावर घेतलं. माझ्याकडे पुण्याचे समुद्री शेवाळाचे कागद होते. ती त्यांना कार्बन कागद म्हणते. व्हिडिओ पाहून पाहून ती वळायला शिकली. बापू, म्हणजे सासरे, मोटारसायकलवर धरणावरून मासा आणतात. याडी तो हळद-मिठात धुते, लिंबात मुरवते. आत्या, खरं सांगू? पहिला घास घेतला आणि मी रडले. इतकं चांगलं झालं होतं.

मला कळत नाही असं समजू नकोस. कळतं. पण एका दुपारी ती बापूंना सांगत होती ते मी ऐकलं. तिनं मनात धरलंय की मागच्या वेळी पुण्यात माझे डोहाळे पुरवायला कुणी नव्हतं, म्हणून ते गेलं. मला तोंडावर कधी बोलली नाही. तिच्या हातातलं ताट मी कसं परत करू? ती माझ्यासमोर बसून मी गिळेपर्यंत बघते. तुझ्यासारखीच.

कालपासून जरा कणकण आहे, पोटात मुरडा येतो. थंडीचं असेल. काळजी करू नकोस.

रागातून थोडा लोभ शिल्लक राहिला तर तो मला पाठव.

तुझी
पुजा


हिंगोली, दवाखाना,
सोमवार, १३ जानेवारी

सौ. भागूबाई विहीणबाईंस,
शकुंतलेचा नमस्कार.

परवा मी जीप घेऊन तांड्यावर आले आणि चार माणसांदेखत तुम्हाला बरोबर येऊ नका म्हणाले. त्याबद्दल मी आज क्षमा मागत नाही. हे पत्र अफशीन तुम्हाला वाचून दाखवेल. मी तिला सांगितलं आहे की एकही शब्द मऊ करू नकोस.

पुजाला ताप एकशे तीन होता. उलट्या, जुलाब. दोन दिवस सलाईन चालू आहे. शनिवारी रात्रीपासून बाळ हललं नाही, असं ती म्हणाली. मी तिला झोपलं असेल म्हणाले. माझा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता. काल सकाळी इथल्या नर्सने ठोके ऐकायचं यंत्र पोटावर ठेवलं. एका जागी काही लागलं नाही. दुसऱ्या जागी लागलं नाही. पुजा छताकडे बघत होती आणि माझा हात इतका घट्ट धरला होता की अजून बोटं दुखतात. तिसऱ्या जागी ठोके लागले. ठोके आहेत. हालचाल हे लिहीपर्यंत नाही.

तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. जे लोक कच्चा मासा खातात ते चांगल्या ठिकाणी समुद्राचा मासा आधी दगडासारखा गोठवून ठेवतात, म्हणजे त्यातला किडा मरतो. तरीही पोटुशीला तो देत नाहीत. धरणाचा मासा तर कच्चा खायचाच नाही. लिंबाने तो पांढरा होतो, शिजत नाही. कॉलेजात आम्ही माशाच्या पोटातला किडा बरणीत पाहिला होता, वीतभर. गेले दोन दिवस मला ती बरणीच दिसते आहे.

डॉक्टर विचारत आहेत ते कळवा. मासा कधी कापला? खाईपर्यंत किती तास गेले? कशात ठेवला होता? खरं सांगा. माझा राग नंतर बघता येईल.

कळावे.

शकुंतला


तांडा, साखरा,
बुधवार, १५ जानेवारी

शकुंतलाताईस,
भागूबाईचा राम राम.

अफशीन लिहून राहिली, म्या सांगून राहिले. तिला म्हणलं, जसं बोलते तसंच लिही, शाळेवानी करू नको.

तुमी इचारलं मासा कवा कापला. शनिवारी दुपारी कापला. पोरीनं रविवारी दुपारी खाल्ला. मधी एक रात गेली. ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठिवला होता, थंडी हाय म्हणून.

रात काहून जाऊ दिली ते सांगते. हे म्या ह्यांना बी सांगितलं न्हाई. मला बी भेव होतंच ना ताई. कच्चं हाय, पोटात लेकरू हाय. म्हणून शनिवारी सांजच्याला आधी म्या खायची. दोन तुकडे. मला त्याचा वास सोसत न्हाई, नाक धरून गिळायची. मंग रातभर पोटावर हात ठिवून पडायची. काय व्हायचं ते मला व्हऊ दे म्हणायची. सकाळपतूर बराबर राहिले तर पोरीच्या ताटात. तीन बारी असंच केलं. तीन बारी मला काई झालं न्हाई.

शेवटच्या बारीला दोन रोजानं मला बी जुलाब लागले. म्हणलं गार पाण्याचं असंल. पोरीला इचारायची हिंमत झाली न्हाई.

ताई, तुमी शिकलेल्या हाव. खरं सांगा, म्या लेकराला इख घातलं का? मागल्या बारीला ती एकटी होती म्हणून म्या सवताला कोसलं. आता संगं होते तर हे केलं. ते काळे कागद म्या चुलीत घातले. सुरी बी वर आढ्याला खोसली.

लेकरू हाललं का, येवढंच कळवा. बाकी शिव्या सावकाश द्या, मी कुठं जात न्हाई.

भागूबाई

मॅडम, त्यांना कालपर्यंत त्रास होता. औषध दिलं आहे, आज बऱ्या आहेत. हे सांगताना त्या एकदाही रडल्या नाहीत. अंगठा केल्यावर सगळं पत्र पुन्हा वाचून दाखवायला लावलं. – अफशीन


कळमनुरी,
रविवार, २ फेब्रुवारी

सौ. भागूबाईंस,
शकुंतलेचा नमस्कार.

आज तुम्ही पुजाला इथे आणून सोडलंत आणि चहासुद्धा न घेता जीपमध्ये जाऊन बसलात. त्यामुळे तोंडी सांगायचं ते लिहावं लागत आहे. उद्या अफशीन वाचून दाखवेल.

बाळ ज्या दिवशी हललं त्याच दिवशी तुम्हाला फोनवर कळवलं होतं, स्पीकरवर, सगळ्या तांड्याला. कसं ते सांगायचं राहिलं. तुमचं पत्र माझ्या हातात होतं. पुजाने एकदम माझा हात ओढून पोटावर दाबला. एक लाथ, मग जरा थांबून दुसरी. मी पत्र कुठे ठेवलं ते नंतर तासभर सापडेना.

तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर अठरा दिवस दिलं नाही. आज देते. तुम्ही विष घातलं नाही. पण ज्या रात्री तुम्ही तिच्यासाठी जागत होता त्याच रात्री माठाखाली मासा नासत होता. आदल्या संध्याकाळी तुम्ही खाल्लात तो ताजा, तिच्या ताटात गेला तो शिळा. तुमच्या पोटावरून तिच्या पोटाचं काही कळत नव्हतं. यात अक्कल कमी पडली, दुसरं काही कमी पडलं नाही. पस्तीस वर्षं विज्ञान शिकवून मी हे कधी कुणाला शिकवलं नाही, कारण असं कुणी करेल हे माझ्या मनात आलं नाही.

भीती संपलेली नाही. डॉक्टर म्हणाले ताप उतरला, ठोके चांगले आहेत, पण बाळंतपणापर्यंत लक्ष ठेवायचं आणि दर पंधरा दिवसांनी तपासायचं. पुजाला मी दवाखान्यातून परस्पर इकडे आणणार होते. तिने ऐकलं नाही. याडी तिकडे एकटी घाबरत बसली असेल म्हणाली, सातवा लागल्यावर येते म्हणाली. मी हरले.

ती तुमच्याकडे होती त्या दोन आठवड्यांत मी नांदेडला जाऊन आले. पुजाने सांगितलेली जागा शोधली, आधी आत जाऊन स्वयंपाकघर पाहिलं. तिथली पोरं हसली, हसू दे. स्वच्छ आहे. मासा गोठलेला येतो. तिथला आचारी म्हणाला की पोटुशी बाई आली तर आम्ही कच्चं देतच नाही. काकडी, पक्कं शिजलेलं अंडं, उकडलेली कोळंबी देतो. तसं एक ताट मी खाल्लं. थंड भातच तो. पण आंबटगोड, आणि काकडी दाताखाली कुरकुरते. दुसरं ताट मागवलं. हे पुजाला सांगू नका. बाळ मोठं झालं की तिला तिथे मीच नेणार आहे, तुम्हीही चला. नाक धरावं लागणार नाही. त्या आचाऱ्याला विचारून शिजवलेल्या सुशीची रीत लिहून घेतली, तीच तुम्हाला पाठवली होती. आज तुम्ही डबा आणलात तेव्हा कळलं की कागद नाहीत म्हणून तुम्ही वाफवलेल्या अळूच्या पानात वळलं. पान चांगलं उकडलं आहे, घशाला खाजत नाही.

तेव्हा माया पातळ करू नका, मासा मात्र शिजवा. आज काय हाती आलं आणि मी काय पाठवते, त्याची ही पोच. मोहनसिंगलाही हीच वाचून दाखवेन.

तुमच्याकडून मिळालं:
पुजा, सातवा महिना, ताप नाही. जीपमधून उतरताना बाळ हललं, ती स्वतः म्हणाली.
दवाखान्याची फाइल, सगळे कागद.
तुम्ही शिवलेलं दुपटं, आरशाच्या टिकल्या न लावलेलं. बाळाला टोचू नये हे लक्षात ठेवलंत, आवडलं.
सुरी, फडक्यात गुंडाळलेली. ती मी मागितली नव्हती. परत पाठवते आहे, भाजी कशाने चिरणार?

अफशीनच्या हाती तुम्हाला:
वरची सुरी.
सुशी वळायची बांबूची चटई, नांदेडहून आणलेली.
तुमच्या तपासणीची चिठ्ठी. शुक्रवारी सरकारी दवाखान्यात जायचं. टाळायचं नाही.

आणि डबा. डबा तुमच्याकडून एक मिळाला, आज सकाळीच शिजवलेला. त्यात सहा वळकट्यांची जागा होती, वळकट्या पाच होत्या. सहावी कुठे गेली हे मी विचारत नाही. पुजाच्या ताटात चार वाढल्या. पाचवीचं तुम्ही विचारू नका.

शकुंतला