बिनकाजाचं कव्हर

ता. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहिते आहे म्हणून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोनवर तू एका हाताने मशीन चालू ठेवतोस आणि दर दोन वाक्यांना "हो हो" म्हणतोस, त्यामुळे तू ऐकलंस की नाही ते मला कधी कळत नाही. शिवाय या घरात आडोशाने बोलायला जागा नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते आडोशानेच सांगण्यासारखं आहे.

गेल्या रविवारी सकाळी आम्ही सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेत होतो. हे गाडी चालवत होते, सासूबाई पुढे, मी त्यांच्या मागे. माझ्या मांडीवर त्यांच्या जुन्या चष्म्यांचा डबा होता. औषधांच्या दुकानापाशी पुढचा पाण्याचा टँकर अचानक थांबला. ह्यांनी ब्रेक दाबला, पण गाडी जाऊन आदळलीच. फार वेगही नव्हता रे. पुढच्या दोघांना पट्ट्यांनी धरून ठेवलं. मी मात्र मागून उचलली गेले आणि सीटसकट सासूबाईंच्या पाठीवर जाऊन पडले. डॉक्टर म्हणाले, पट्ट्यामुळे त्या जागच्या जागी राहिल्या, त्यांना काही झालंही नसतं. मागून जो भार आला त्याने खांद्याचं हाड मोडलं. तो भार म्हणजे मी. उजवा हात तीन महिने गळ्यात. मला भुवईवर तीन टाके पडलेत. तू विचारशील म्हणून सांगते, टाके तुझ्यासारखे सरळ नाहीत.

आता फक्त तुला सांगायचं ते. निघताना ह्यांनी आरशातून बघत विचारलं होतं, पट्टा लावलास का. मी पट्टा ओढून घेतला होता. बक्कल कुठे आहे म्हणून हात फिरवला, इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं, मिळेना. सासूबाईंना उशीर होत होता. पाच मिनिटांचा तर रस्ता, म्हणून मी पट्ट्याचं टोक मांडीखाली दाबून धरलं आणि "हो" म्हणाले. दादा, मी चक्क खोटं बोलले, आणि त्या "हो"ने एका म्हाताऱ्या बाईचा हात मोडला. मला कुणाकडे वर मान करून बघवत नाही.

तू शिवलेल्या कव्हरांना काही झालेलं नाही. मागच्या सीटवर माझ्या रक्ताचा रुपयाएवढा डाग आहे, तेवढाच.

वहिनीला नमस्कार. मला रागव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझी,
चिमी


ता. ९ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू सुखरूप आहेस हे दोनदा वाचलं तेव्हा कुठे पाणी प्यायलो. टाके वाकडे आहेत म्हणतेस, तर त्या डॉक्टरला माझ्या दुकानात महिनाभर पाठव, फुकट शिकवीन.

अगं, मागे बसून पट्टा कोण लावतं? मी नाही लावत, तुझी वहिनी नाही लावत. आपल्या अख्ख्या गोतावळ्यात कुणाला लावलेला बघितलं आहेस? उगाच स्वतःला टोचून घेऊ नकोस. टँकरवाल्याने वाटेत टँकर उभा केला, चूक असली तर त्याची. आणि ते "हो" म्हटल्याचं आता कुणापाशी काढत बसू नकोस. झाकली मूठ बरी असते.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. मागच्या वर्षी तुम्ही जुनी गाडी घेतलीत आणि मी दोन दिवस येऊन कव्हरं चढवली, तेव्हा त्यांनी सीटवर अंगठा फिरवून "शिवण बरी आहे" म्हटलं होतं. शर्टाच्या कारखान्यात एकतीस वर्षं शिवण तपासलेल्या बाईच्या तोंडचं "बरी आहे" म्हणजे मला पदकच होतं. ते मी इथे येईल त्याला सांगत सुटलो होतो.

मी लगेच निघालो असतो, पण दुकानात गाड्यांची रांग आहे. एक मात्र ऐक. त्या डागासाठी कव्हर काढून धुवायला देऊ नका. रेक्झीन आहे, उचकटलं की परत बसत नाही. मी येईन तेव्हा जागच्या जागी पुसून देईन. तोवर तिकडे हात लावू नका.

सगळ्यांना सांभाळ. लोभ आहेच, तो मागावा लागत नाही.

तुझा,
दादा


ता. २० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. टँकरवाल्यावर ढकलून माझं भागत नाही रे. त्याने मागचे दिवे लावले होते, मी स्वतः बघितले.

घरात भांडण नाही. भांडण झालं असतं तर मोकळं तरी वाटलं असतं. हे एकदाच बोलले, की तू हो म्हणाली होतीस. तेवढंच. जमीन मोजायला जातात, संध्याकाळी येतात, नकाशे पसरून बसतात. आता गाडीत बसलं की कुणालाच काही विचारत नाहीत. मी दातांच्या दवाखान्यात चालतच जाते. चाळीस मिनिटं लागतात, लागू देत. तिथे दिवसभर लोकांना नंबर देते आणि घाबरू नका म्हणते, ते मलाच ऐकायला विचित्र वाटतं.

सासूबाईंचं सगळं मीच करते. सकाळी केस विंचरते, ब्लाउजात हात घालून देते, घास भरवते. पहिल्या दिवशी डावीकडून भांग पाडला, तर नुसतं बोट उजवीकडे दाखवलं. ज्या बाई माझ्या भाजीतलं मीठसुद्धा शेरा मारल्याशिवाय सोडत नसत, त्या तीन आठवडे माझ्याशी बोललेल्या नाहीत. मी दोनदा पाय धरून माफी मागितली. दोन्ही वेळा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. परवा शेजारच्या बाई बघायला आल्या, माझ्यासमोरच म्हणाल्या, मागे बसलेल्याला एवढा पट्टा लावायला काय होतं. सासूबाई गप्प. माझी बाजू घ्यावी असं मी म्हणत नाही, माझी बाजू आहेच कुठे?

आता त्यांनी बॅग भरायला लावली आहे. पंधरा मार्चला नणंदेकडे जाणार, आणि परत कधी येणार ते सांगत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही दोघी एका ओट्यावर कामं केली. दादा, माझ्यामुळे त्यांना या वयात स्वतःचं घर सोडावं लागतं आहे. मुलगा आईला थांब म्हणत नाही आणि बायकोला जा म्हणत नाही. मी काय करू ते सांग. तू मोठा आहेस.

एक वेडा प्रश्न विचारू? मी इतकी कशी आंधळी की मला बक्कलसुद्धा सापडू नये? रोज तेच आठवतं. हात फिरतो आहे, फिरतो आहे, आणि हाताला नुसतं गुळगुळीत लागतं आहे.

वहिनीला सांगू नकोस. उत्तर लवकर दे, माझा सगळा धीर तुझ्या पत्रावर आहे.

तुझी,
चिमी


ता. २६ फेब्रुवारी

चि. चिमे,

आशीर्वाद लिहायचा मला आज अधिकार नाही, म्हणून लिहीत नाही.

तू आंधळी नाहीस. बक्कल तिथे नव्हतंच. तिन्ही बक्कलं कव्हराच्या खाली आहेत. मी माझ्या या अंगठ्याने ती गादीच्या फटीत दाबली आणि वरून कव्हर ओढून घेतलं.

तुला दुकानाची पाटी आठवते? "एकही भोक नाही, एकही सुरकुती नाही." बाकीचे कव्हरवाले बक्कलासाठी चिरा ठेवतात. चीर ठेवली की तिला पट्टी लावा, कोपरे वळवा, आणि एवढं करून वर्षभरात तिथूनच रेक्झीन फाटतं. मी म्हटलं, भानगडच नको. मागचं सीट अखंड शिवायचं, आरशासारखं सपाट. लोकांना आवडलं. बसताना टोचत नाही म्हणाले. मागे कोण पट्टा लावतं, असं तेही म्हणाले आणि मीही म्हणालो. तुमच्या गाडीला तर कुणी सांगितलंही नव्हतं. बहिणीची गाडी म्हणून मी जास्तच मन लावून अखंड शिवली.

आता जे लिहितो ते लिहायला हात धजत नाही. हे मला तुझ्या पहिल्याच पत्रात कळलं. "चाचपलं, मिळेना" हे वाचलं आणि मशीनवरचा पाय उचलला गेला. कळूनसुद्धा मी तुला ते पत्र लिहिलं. टँकरवाल्याचं नाव घेतलं, तुला झाकली मूठ शिकवली. आणि कव्हर उचकटू नका असं लिहिलं ते रेक्झीनसाठी नव्हतं. उचकटलं असतं तर खाली बक्कलं दिसली असती. तू तिकडे म्हातारीचे पाय धरत होतीस आणि मी इकडे माझी शिवण वाचवत होतो. चोर तो चोर, वर शिरजोर. लहानपणी मी काच फोडली होती आणि मार तू खाल्लास. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आता माझे केस पांढरे झालेत आणि मी तोच आहे.

तुझ्या वहिनीने दोन्ही पत्रं वाचली. तू नको म्हणाली होतीस, पण माझं तोंड बघून तिने ती खिशातून काढली. आमच्या गाडीत मागे जाऊन बसली आणि मला हाक मारून म्हणाली, माझं बक्कल काढून द्या. मला ते काढायला पाऊण तास लागला.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना फोन करतो आहे, की गाडी घेऊन या, चिरा पाडून देतो. काही आले. एकजण हसला आणि म्हणाला, सोडा हो, मागे बसून पट्टा कोण लावतं. मी तुला लिहिलेलंच वाक्य. फोन ठेवला आणि पुढचा नंबर लावला.

हे पत्र सासूबाईंना आणि जावईबापूंना मोठ्याने वाचून दाखव. एक ओळही गाळू नकोस. बॅग उचलायची तर त्यांनी माझ्यामुळे उचलावी, तुझ्यामुळे नाही. नंतर दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

लोभ मागत नाही. पुढे कधी उरला तर कळव.

दादा


ता. ८ मार्च

चि. कारागीर यांस,
अ. आ.

डाव्या हाताने लिहिते आहे, तीन दिवस लागले. अक्षराला हसू नये.

तुमचं पत्र सूनबाईने वाचून दाखवलं. एक ओळही गाळली नाही. माझा मुलगा उठून बाहेर गेला आणि गाडीच्या मागच्या दारापाशी उभा राहिला. मग आत आला आणि बायकोला म्हणाला, मी आरशात बघून विचारलं, मागे वळून बघितलं नाही. आता दोघंही माझ्याकडे बघतात, मी तुमच्यावर कधी चिडते म्हणून. मला चिडता येत नाही. का ते तुम्हाला लिहिते, कारण तिच्या तोंडावर सांगायची माझी छाती नाही.

एकतीस वर्षं मी कारखान्यात काजं तपासली. त्याला डोळे लागत नाहीत, अंगठा पुरतो. काज नसलेला एक शर्ट मी पुढे जाऊ दिला नाही. तुम्ही कव्हर चढवलंत त्या दिवशी सीटवरून अंगठा फिरवला तेव्हाच मला कळलं होतं. खाली बटणासारखं कठीण लागत होतं आणि वर काज नव्हतं. मी म्हणणार होते. पण तुम्ही दोन दिवस गुडघ्यांवर बसून राबला होता, मुलगा खूश होता, आणि पाहुण्याच्या कामात खोट कशाला काढा. असं मी मनाला सांगितलं. खरं कारण वेगळं. माझ्या मनात आलं, मला काय, मी पुढेच बसते.

आणि म्हणाले, बरी आहे.

त्याच पुढच्या सीटवर माझा खांदा मोडला. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हाच मला ठाऊक होतं की हिला बक्कल का मिळालं नाही. ही रोज सकाळी माझे केस विंचरते. हिने पाय धरले तेव्हा मी भिंतीकडे बघितलं, तिला वाटलं राग आहे. शेजारणीने हिला बोल लावला, मी मूग गिळून बसले. एका शब्दाचं काम होतं. लेकीकडे जायला निघाले ती रागाने नाही. या पोरीच्या हातून घास घेताना तो घशाखाली उतरत नाही, म्हणून.

तुम्ही तीन आठवडे गप्प बसलात, मी त्याहून जास्त. तुम्ही निदान आधी लिहिलंत. त्यामुळे तुम्हाला नापास करायला मी बसू शकत नाही.

येत्या रविवारी या. दार उघडं असेल. काजांच्या खुणा खडूने मी करणार, डाव्या हाताने केल्या तरी सरळ येतील. तुम्ही कापा, काठ दुहेरी शिवा. प्रत्येक काज मी अंगठ्याने बघेन आणि या वेळी तोंड बंद ठेवणार नाही.

एका हाताने पत्राची घडी पडत नाही आणि पाकीटही बंद होत नाही. सूनबाई फणी घेऊन येतेच आहे. पत्र असंच उघडं तिच्या हातात देते.

तुमच्यावर लोभ आहे. माझ्यावर ठेवावा की नाही, ते आता तिच्या हातात.

तपासनीस

ता. क. दादा, पत्र वाचून झाल्यावर विंचरायला बसले, पण भांग तीनदा पाडावा लागला. पाकीट मी बंद केलं. बॅग रिकामी केली, लुगडी परत कपाटात आहेत. रविवारी कात्री चांगली धार लावून आण. तुझं झाल्यावर आम्ही तिघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणार आहोत. सासूबाई मागे बसणार म्हणतात. त्यांचा हात वर जात नाही, त्यांचा पट्टा मी लावून देईन. — चिमी