मनोऱ्यावरची नोंद

ब्लॅकटाउन,
रविवार, १५ जून २०२५

प्रिय इरावतीवहिनी,

सप्रेम नमस्कार. मी बरा आहे. इथली जूनची थंडी मरणाची आहे आणि माझा हीटर घरमालकाइतकाच ढिम्म आहे. तुम्ही दिलेला गोडा मसाला संपला, त्यामुळे आमटी पुन्हा माझ्या हातची झाली आहे. अनुष्काचा खोकला थांबला का?

हे फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर मी विषय बदलतो.

परवा केलीव्हिलला तुमच्याकडे जेवताना अनुष्काने विचारलं, "देअर वॉज अ साइन, काका. मग बाबा वर का चढला?" माझ्याआधी तुम्हीच बोललात. "हट्टी होता. मुलीपेक्षा त्याला तो डबा मोठा वाटला." ती मान खाली घालून वरणभात चिवडत बसली. मी लोणचं मागितलं.

सारंगच्या आणि माझ्या छंदाला तुम्ही 'रिकामटेकड्यांचा खजिना' म्हणायचात. फोनवरचे आकडे बघत कुणीतरी लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि ॲपवर नोंद करायची. सारंगला वेड होतं जुन्या विमानांच्या खुणांचं. रात्री टपाल नेणाऱ्या वैमानिकांना वाट दाखवायला डोंगरांवर दिव्यांचे लोखंडी मनोरे होते. जे अजून उभे आहेत, त्यांच्यापाशी असे डबे असतात. कोणाचे जास्त, अशी आमची पैज होती.

फेब्रुवारीत, भर उन्हाळ्यात, मी त्या मनोऱ्याला एकटा गेलो होतो. गेलो म्हणजे डोंगराखालच्या पार्किंगपर्यंत. बेचाळीस डिग्री होतं, गाडीतला एसी सोडवेना. सारंग एकाने पुढे होता, तेही सोसवेना. गाडीत बसूनच मी ॲपवर 'सापडला' असं लिहिलं. खोटं खरं वाटावं म्हणून वर जोडलं, 'खाली शोधू नका, वर बघा.'

डबा तिथे नव्हताच. मागच्या वणव्यातच तो गेला असणार. माझ्याआधी दोघांनी 'नाही सापडला' लिहिलं होतं. मीही तसंच लिहिलं असतं, तर डबा ठेवणारा माणूस जाऊन बघून आला असता आणि त्याने तो शोध बंद केला असता. माझी नोंद वाचून तो निर्धास्त राहिला.

मार्चमध्ये सारंग त्याच मनोऱ्याला गेला. तिथून त्याचा मेसेज आला, 'चंद्या, किती वर?' पोलिसांना मी सांगितलं की मीटिंगमध्ये होतो, उशिरा बघितला. तुम्हालाही तेच सांगितलं. वहिनी, मीटिंग नव्हती. मेसेज मी लगेच वाचला. खरं लिहायची लाज वाटली आणि नवीन खोटं सुचेना, म्हणून फोन पालथा ठेवला. तेवढ्या वेळात तो गंजलेल्या शिडीवर चढला आणि वरून पडला.

अंत्यविधीच्या आदल्या दिवशी मी ती नोंद पुसली. मग तुमच्या घरी येऊन पाहुण्यांना पाणी देत उभा राहिलो. सगळे म्हणत होते, हट्ट नडला. मीही मान डोलावली. त्याची मला रोज शिसारी येते.

शुक्रवारी पोलिसांकडे जाऊन जबाब बदलणार आहे. त्याआधी हे तुमच्या हातात पडावं. माफी मागत नाही, ती कुठल्या तोंडाने मागू?

एवढंच करा. अनुष्काला जवळ बसवून सांगा की बाबा हट्टी नव्हता. त्याने 'वर चढू नका' हा बोर्ड वाचला, आणि काकाने लिहिलेलंही वाचलं. त्याला काका जास्त खरा वाटला.

'तुमचा' लिहायला हात धजत नाही.

चंद्रहास